वाण

कार्डिफच्या स्टुडिओत, हीटरशेजारी
बाकं तीन, आणि आम्हीही तिघीच.
कागदावर छापलंय :
सार्जंट. वय तीस ते चाळीस. वंश कोणताही.
'कोणताही' म्हणजे आम्ही.
ज्यांचा वंश लिहायची गरज पडत नाही
त्यांच्या ऑडिशन्स वरच्या मजल्यावर असतात.

शेवोन लीड्सची. आजोबा सेंट किट्सहून आलेले,
बसडेपोत इंजिनं उघडता उघडता म्हातारे झालेले.
तर्शिनी ईस्ट हॅमची, घरात तमिळ,
भांडताना मात्र इंग्रजी.
मी इफ्राह. इथलीच, गोदीपासून चार गल्ल्या आत.
आजोबांनी बोटीच्या भट्टीत कोळसा लोटला,
बाबा टॅक्सी चालवतात.
उंची वेगळी, नाकं वेगळी, हसू येतं तेही वेगवेगळ्या गोष्टींना.
तरी दार उघडून ती यादीवाली मुलगी
शेवोनकडे बघत 'इफ्राह' म्हणते
आणि दर वेळी आम्ही दोघी उठतो.

तीन वर्षांपूर्वी सार्जंट मी होते.
पोस्टरवर सगळ्यांच्या पुढे,
बसथांब्यावर माझं कपाळ माझ्या आईहून उंच.
मालिकेत दाराशी.
बाबा टॅक्सीच्या हिशेबाची वही घेऊन बसायचे.
भाग पहिला : "सर, गाडी सापडली."
भाग दुसरा : "सर, गाडी त्यांची नव्हती."
तिसऱ्यात मला गोळी लागली
आणि सर रडले. काय सुंदर रडले!
त्या रडण्याला पुढे बक्षीस मिळालं.
बाबांनी बेरीज केली, एकोणीस वाक्यं,
खाली रेघ मारली
आणि चहात वेलदोडे इतके टाकले की पिववेना.
आई तेवढं म्हणाली :
त्या सार्जंटला आई नव्हती का गं?
कुणी कळवलं तिला?
नव्हती, होयो. लिहिलीच नव्हती.

निर्माते भले गृहस्थ. हात हातात घेऊन म्हणाले,
तुमच्यामुळे मालिका किती आजची वाटते.
हे सांगितलं तेव्हा तर्शिनी खोकला येईपर्यंत हसली.
आमच्यात बाळाच्या गालाला काळी तीट लावतात, म्हणाली,
दृष्ट लागू नये म्हणून.
तीट बाळ नसते, इफ्राह.

आणि ती बाटली.
मेकअपच्या खोलीत चाळीस डब्या :
हस्तिदंत, पीच, वाळू, मध, पुन्हा मध.
माझ्या वाणाचीच तेवढी वाण.
म्हणून रात्री स्वयंपाकघरात बसून
मीच रंग घोटला, खिडकीच्या काचेत बघत,
बोटभर बाटलीत भरला.
मेल्यावर घाईत ती तिथेच राहिली.

पुढच्या वर्षी शेवोन सार्जंट झाली
(ती चौथ्या भागापर्यंत जगली, बढतीच म्हणायची).
पहिल्याच सकाळी मेकअपवाल्या पोरीनं
कौतुकानं बाटली काढली :
हा बघा, तुमचा रंग आहे आमच्याकडे!
शेवोन माझ्याहून दोन पायऱ्या उजळ.
पूर्ण मोसमभर ती पडद्यावर
माझा चेहरा लावून फिरली.
माझ्या मावशीनं हरगेसाहून फोन केला :
अगं, तू जिवंत?

शेवटच्या दिवशी तिनं ती बाटली उचलून आणली,
निम्मी उरलेली,
आणि एखादीनं वाण द्यावं तशी
तर्शिनीच्या ओंजळीत ठेवली.
तर्शिनीनं मनगटाला लावून पाहिलं.
माती लागल्यासारखं दिसत होतं.
तिनं ती पर्समध्ये टाकली, आजही आहे,
किल्ल्यांबरोबर वाजते.

हीटर टकटक करतो.
तर्शिनी आपली वाक्यं पाठ करतेय, दोनच आहेत,
त्यातल्या एकात गाडी आहे.
दार उघडतं. ती मुलगी यादीत बघते,
मग आमच्याकडे, मग पुन्हा यादीत,
आणि चाचरत म्हणते, इफ्राह?

या वेळी तिघी उठलो.
ठरवलं नव्हतं काही. गुडघेच उठले.
आत खुर्ची एक होती.
तिच्यावर आम्ही आमचे कोट ठेवले.