त्सेलमेगचं जावळ

मागे मागे पावलं टाकत नाचत होती, चार वर्षांची,
आणि उकळत्या सुपाच्या पातेल्यात बसली.
गेरमध्ये जमीन हीच चूल, जमीन हेच अंगण.

उलानबातरला पोचेस्तो मध्यरात्र. बाहेर उणे एकतीस.
डॉक्टर शाबूत जागा शोधत होते :
एक पोटरी. आणि डोकं.

बाप, शारखू, म्हणाला, माझी घ्या.
कातड्याचे जोडे करून घालीन, असं माणसं नुसतं म्हणतात;
हा बाही खांद्यापर्यंत चढवून उभा होता.
डॉक्टर म्हणाले, तुझी राहील तीन आठवडे, पाहुण्यासारखी,
मग अंगच तिला हाकलेल.
तिची तिलाच पुरवायला हवी.

पोटरीची काढली. यंत्रातून फिरवली, जाळी झाली,
ताणली तिप्पट.
तरी पाठ उरलीच.

डोक्याची कातडी दहा दिवसांत भरून येते,
पुन्हा काढता येते, पुन्हा,
घरातल्या एकुलत्या दुभत्या शेळीसारखी.

मी वस्तरा घेऊन गेले, तर शारखू आडवा.
जावळ राहिलंय तिचं. उन्हाळ्यात मामा येणार होते गोबीतून,
एकेकानं एकेक बट कापायची होती.

मग एकदम : 'तुमचं साल कोणतं?'
मला वाटलं, नोकरीचं विचारतोय. बावीस झाली, म्हटलं.
'जन्माचं. प्राणी कोणता?'
'ससा.'
बराच वेळ बोटांवर काही जुळवत राहिला.
'चालेल.'

कात्रीला निळं रेशीम बांधलं.
पहिली बट मी कापली, दुसरी भूल देणाऱ्या बाईंनी,
तिसरी, फरशी पुसायचं थांबवून, दोंदोव आजोबांनी.
रीतीनं काही द्यायचं असतं. माझ्या खिशात पेन होतं.
शेवटची बट त्यानं कापली. म्हणाला, आता वस्तरा.

चार वेळा घेतली आम्ही डोक्याची.
चौथ्यांदा डॉक्टर म्हणाले, बास, पातळ होतेय.
कुशीवर तळहाताएवढं उघडं राहिलं,
ते कडेकडेनं, महिनाभर, आपलं आपणच मिटलं.

ऑगस्टात आली. डोक्यावर दाट काळं रान,
पाठीवर जाळीचे चौकोन, अजून लालसर.
वाकताना ओढतं, म्हणाली.
मांडीवर, एका चौकोनात, एकच लांब केस उगवलेला.
कुठेतरी पातं जरा खोल गेलं असणार.

मी कात्री उचलली.
तिनं तळव्यानं मांडी झाकली,
वर पाहिलं :
'तुझं साल कोणतं?'