खळं

छत्तीसावा आठवडा. लिओना पार्डी, वय सव्वीस.
पत्ता त्या बेटावरचा, जिथे रस्ता धक्क्यापाशी येऊन संपतो.
कापूस गुंडाळलेली काडी
तिनं स्वतःच फिरवली असणार, दवाखान्याच्या संडासात,
एक पाय कमोडच्या कडेवर,
एका हातानं पोट सावरत.
बायका फार हसतात म्हणे त्या वेळी.
माझ्यापर्यंत हसू येत नाही. नळी येते.

मी फिलोमिना स्नूक.
कॉर्नर ब्रुकच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं
मेंढीच्या रक्तावर जंतू वाढवते.
लाल बशी, रात्रभर ऊब, सकाळी झाकण उचलायचं.
आज त्या लालीत राखाडी ठिपके,
टाचणीच्या टोकाएवढे,
आणि एकेका ठिपक्याभोवती खळं.
तेवढ्यापुरतं रक्त विरघळून
काचेसारखं झालेलं.

चंद्राला खळं पडलं की वडील
होडी वर ओढून घेत. बोलत काहीच नसत.
दोर मात्र दोनदा बांधत.

माझ्याआधी एक भाऊ होता. दीड दिवस.
अंगाला लावला तर ओढेना, म्हणायची आई,
मग कण्हायला लागला, म्हाताऱ्यासारखा.
हेच होतं का ते?
मला माहीत नाही.
त्याच्यासाठी कुणी बशी मांडली नव्हती.

लिओना, हा आजार नव्हे. वस्ती आहे.
चार-पाच जणींत एकीकडे असतेच,
भाडं न देता, मुकाट.
तुला काही करायची नाही.
बाळ त्या वाटेनं निघालं की मात्र
कुणाकुणाला धरते.
म्हणून कळा सुरू झाल्या की शिरेतून पेनिसिलिन,
आणि जमलं तर बाळाच्या आधी
चार तास.

चार तास.
फेरीला दीड, वारा नसेल तर.
पुढे रस्त्याला तीन,
मूस आडवा आला नाही तर.
हे गणित अर्जावर कुठल्या रकान्यात लिहू?

अहवाल पाठवला. माझं काम तिथं संपतं.
बशा उकळत्या वाफेत जातात, खळ्यांसकट.
पार्किंगमध्ये आले तर मान आपोआप वर गेली.
ढग. चंद्राचा पत्ता नाही.
गाडीत बसून फेरीची पाटी पाहिली फोनवर:
वाऱ्यामुळे बंद, पुढची सूचना उद्या.

करू नये ते केलं. बेटावरच्या दवाखान्याला फोन लावला.
"लॅबमधून बोलतेय. पेनिसिलिन आहे ना तुमच्याकडे?"
पलीकडे किटली शिट्टी मारत होती.
"आहे की," नर्स म्हणाली, "फ्रीजशेजारच्या कपाटात.
आणि पार्डीबाई शनिवारी तुमच्याकडेच येतेय,
मावशीकडे राहायला, दिवस भरेपर्यंत.
वारा पडला तर."

"पडेल," मी म्हणाले.
मला काय कळतंय वाऱ्यातलं.
घरी जाऊन दार लावलं,
आणि कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली.