खुर्ची

नोएमीने पाठ दाबून पाहिली,
विचारलं, गोळ्या दिवसाला किती?
म्हणालो, तीन.
सहा होत्या,
शिवाय शनिवारी दुकानदाराकडचं इंजेक्शन.
दिवसभर वाकून ऊस तोडणाऱ्याला
लेम्पाकाठी दुसरं औषध कुणी सांगितलं नव्हतं.

तिने घेवड्याचे दोन लाल दाणे
माझ्या तळहातावर ठेवले.
"पाठीचं दुखणं तू
यांच्या खात्यावर मांडतोयस, एलिसेओ."

मग प्लास्टिकची खुर्ची. हात छातीशी.
ऊठ, बस. ऊठ, बस.
अर्ध्या मिनिटात नऊ.
माझ्या सासूचे म्हणे अकरा झाले होते.

कोयत्याला लांब दांडा तिनेच बसवून आणला,
सावलीसाठी, पाण्यासाठी
मुकादमाशी तीच भांडली.
गोळ्या सुटल्या, एकेक करून,
शेवटची फार चिवट.

दोन पूर येऊन गेले.
क्रिएटिनिन तिथंच, एक पूर्णांक सहा.
ती कागद पुन्हा पुन्हा बघत हसते.
मला वाटलेलं, उतरेल.
"उतरायचं नाही ते. थांबलंय ना?"

बाजूची खुर्ची रिकामी.
चेपेचा आज डायलिसिसचा वार.
तिकडे न बघता मी हात छातीशी घेतो.
ऊठ, बस.
नोएमी मोजते आहे, चौदा, पंधरा,
आणि घड्याळाकडे तिचं लक्ष नाही.