जादा वापर

ग्लिनिस, मी हेस्टर. पश्चिम बेटावरून.
हो, वारा आहेच. नसेल त्या दिवशी मुद्दाम फोन करीन.
बिल आलंय. नेहमीच्या पैशांखाली आणखी एक ओळ:
जादा वापर, एकशे ब्याऐंशी पौंड.
ओळ एवढीशी, मुंगीसारखी,
पण चावली.

आमच्याकडची लोकर जाते ती तोलून जाते.
गासडीवर वजन, वजनाखाली शिक्का,
आणि काटा मी स्वतः बघते, चष्मा पुसून.
तुझा गीगाबाईट कुठल्या काट्यावर बसला?
तो तागडीत टाकताना कोण उभं होतं?
काटा मारलास असं म्हणत नाही गं,
तुझी आई पीठ मोजून झाल्यावरही वर मूठभर घालायची.
मी फक्त म्हणते, माप दाखव.

मी वापरते काय? हवामान.
बोटीचं वेळापत्रक.
रविवारी बहिणीचं अर्धं तोंड,
तेही अडकत अडकत, जबडा एकीकडे, शब्द एकीकडे.
एवढ्या पैशांत मी अख्खी बहीण आणली असती.

ती म्हणाली, थांब, तासांचा तक्ता काढते.
टकटक ऐकू येत राहिली. चुलीतलं पीट विझत आलेलं,
मी ढोसलं.
मग म्हणाली, जानेवारी, अकरा ते चौदा.
रात्री एक ते चार.
हेस्टर, इतक्या रात्री तुझ्याकडे जागं कोण असतं?

मेंढ्या, मी म्हणाले.

पण तारखा ऐकून पोटात काहीतरी खाली बसलं.
तेव्हा कातरणारे आले होते.
चार जुने, आणि लाउतारो,
पुंता अरेनासचा, एकोणीस वर्षांचा, नुसती मनगटं.
पहिल्या दिवशी त्याच्या हातून सुटलेली मेंढी
उंदरांनी कुरतडलेल्या घोंगडीसारखी दिसत होती.
सात ठिकाणी रक्त. मी सुईदोरा घेऊन मागे मागे.
मुकादम त्याला एक शब्द बोलला नाही,
आणि ते शिव्यांपेक्षा वाईट.
संध्याकाळी पोरानं पासवर्ड मागितला.
मी शेडच्या दारावर खडूनं लिहून दिला.

तिसऱ्या रात्री कुत्रं भुंकलं म्हणून गेले तर
गासडीला टेकवलेला फोन,
त्यात न्यूझीलंडचा कुणी दांडगा मेंढी सोलल्यासारखी कातरतोय,
आणि समोर हा,
मांडीत मेंढी नाही, रिकामं पोतं,
हातात मशीन नाही, नुसती मूठ,
पोटाकडून कण्याकडे वळतोय.
चुकलं की चित्र मागे नेतोय.
पुन्हा.
मी कुत्र्याला गळपट्टा धरून परत आणलं.

चौदा तारखेला त्याच्या हाताखालून लोकर
एका तुकड्यात उतरली, कोट काढावा तशी.
मेंढी उठून चालू लागली, जरा उघडी, जरा गोंधळलेली.
ती लोकर मी तोलली होती.
तीन किलो आठशे. वहीत आहे.

हेस्टर? आहेस का?
तक्रार वर पाठवू?

पाठव, मी म्हणाले. तुमचा दर म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा,
ते भांडण मी सोडत नाही.
फक्त "वापर झालेला नाही" हे खोड.
झालाय.

मग कारण काय लिहू? इथे रकाना आहे.

लिही, कातरणीचा खर्च.
आणि पैसे हप्त्यानं देईन.
लोकर अजून बोटीवर चढायची आहे.