लकडगंजात एक पट्टी

मे महिना, सत्तेचाळीस अंश,
गड्डीगोदामच्या शाळेचा हॉल.
मारिम्बाची सगळ्यात खालची पट्टी तडकली.
आवाज फार झाला नाही,
अडकित्त्यात सुपारी फुटते तेवढाच.

सायकलच्या कॅरिअरला ती बांधून
मी लकडगंजात गेले.
डोमाजी बुरडे मिस्त्री आरामशीनच्या सावलीत
पन्नीवर खर्रा घोटत होते.
त्यांनी पट्टीचा आधी वास घेतला,
मग बोटाच्या पेरानं ठोकली.
"काष्ठतरंग होय ना हे?"

मी होय म्हणाले. मग नाही म्हणाले.
काष्ठतरंगाच्या लाकडाला खाली कुणी नसतं,
सूर निघाला की उघड्यावर.
इथं दर पट्टीखाली एक नळी उभी,
बुडाशी बंद, आत मोजून भरलेली हवा.
फार पूर्वी, आफ्रिकेत, नळ्यांच्या जागी भोपळे असत.
"तंबोऱ्यावानी," ते म्हणाले. "मंग बरोबर हाय."

झायलोफोनही लाकडाचाच, सांगितलं मी,
पण त्याच्या पट्ट्या जाड, काठ्या टणक,
बोलणं माझ्या आत्यासारखं:
वरच्या पट्टीत, चटकन, आणि विषय संपला.
व्हायब्राफोन धातूचा. नळ्यांच्या तोंडाशी पंखे, मोटर,
आणि पायाशी पेडल,
सूर धरून ठेवायला, नको तेव्हा सोडायला.
मारिम्बाला पेडल नसतं.
सूर आपापल्या वेळेला विझतो,
वरचा लवकर, खालचा रेंगाळून.
लांबवायचा असेल तर लोकर गुंडाळलेल्या दोन काठ्या
आलटून पालटून, इतक्या हलक्या
की ठोका ऐकूच येऊ नये.

त्यांनी पट्टी उलटी केली.
"अन् हे पोटातून कोरलं काहून?"

ते सांगायला मला वेळ लागला.
मधून खरवडलं की सूर उतरतो,
टोकाला खरवडलं की चढतो,
आणि कमान अशी साधायची
की मूळ सुराच्या बरोबर दोन सप्तकं वर
दुसरा एक सूर मंद तेवत राहील.
झायलोफोनात तो दुसरा तार पंचमावर बसतो.
"एवढाच फरक?"
एवढाच म्हणाले, आणि मलाच ते खोटं वाटलं.

टपालखात्याच्या लिलावातलं टेबल पडलं होतं मागे,
शिसवी, जांभळ्या शाईचे डाग मुरलेलं.
त्यातली एक फळी त्यांनी चार दिवस कोरली.
कोरायचे, टिचकी मारायचे, थांबायचे.
मी सूर दाखवणारं यंत्र समोर धरायचे,
ते त्याच्याकडे बघायचे नाहीत.

भोकं कुठं पाडायची, तो आकडा
माझ्या वहीत होता, दशांशासकट.
डोमाजींनी पट्टीवर मूठभर भुसा पेरला
आणि मधोमध बोटानं वाजवत राहिले.
भुसा उडाला, सरकला,
दोन्हीकडे, टोकापासून पाव लांबीच्या जरा अलीकडं,
आडवी रेघ धरून बसला.
"इथं तं हालूनच नाही राह्यलं," ते म्हणाले.
"इथंच टांगा ना मंग. बाकीचं हालू द्या."

शनिवारी ते धुतलेला शर्ट घालून शाळेत आले.
नवी पट्टी केसभर उतरलेली आहे,
मला कळतं, यंत्रालाही कळतं.
सातवीतल्या रोजलिन बनसोडनं ती वाजवली.
डोमाजींनी खाली हात घालून
नळीच्या तोंडावर तळवा ठेवला:
सूर लाकडाएवढा झाला.
तळवा काढला:
टेबलातून निघून तो भिंतीपर्यंत गेला.
ठेवला. काढला.
पोरं हसायला लागली.

"कूलर बंद करा जरासा," ते म्हणाले.
खडखड थांबली. लगेच घाम सुटला सगळ्यांना.
रोजलिननं माझ्याकडे बघितलं,
आणि तोच सूर पुन्हा मारला.