चावी खिशात

एप्रिल सरत आला, थिओ, तरी व्हरमाँटच्या या टेकाडावर
चिखलाखाली अजून बर्फाची पापडी आहे.
गोठ्यामागचा ढीग हिवाळाभर वाढलाय:
चाळीस गाईंचं शेण, लाकडाचा भुसा, ओला पेंढा,
आणि दगड.

दगड कुठून येतात, विचारतोस.
इथली जमीनच वितेय त्यांना.
गारठा खालून ढोसतो,
आणि दर वसंतात नवे गोटे डोकी वर काढतात.
शेताकडेच्या त्या भिंती कुणी हौसेनं नाही रचल्या.
लोडरचं फावडं अंगण खरवडतं
तेव्हा शेणाबरोबर तेही उचलले जातात,
शेणानं माखलेले, शेणाच्याच रंगाचे.

म्हणून आधी हे दाताळं घे.
कोबीएवढा दिसला, बाजूला काढ.
अंड्याएवढा नजरेतून सुटेल. सुटू दे.
त्याच्यासाठी जाळी आहे.

डुकरांच्या जुन्या खुराड्याचं दार कापून
सीटच्या मागे मीच वेल्ड केलंय. दिसतं वाईट.
गावातले हसले. हसू देत.
तिच्यात तो खोल पोचा दिसतो ना, तुझ्या खांद्याच्या उंचीवर?
तो मागच्या वर्षीचा, एकवीस एप्रिलचा.

मागची पाती गरगरतात,
त्यांना शेण काय न् दगड काय, सारखंच.
शेण पंख्यासारखं पसरतं,
दगड आपली वाट आपण काढतो.
रस्त्यालगतच्या पट्टीत शाळेची बस तीनला येते.
ती वळणापलीकडे जाईपर्यंत बंद ठेव सगळं.
आणि कुत्रीला घरात कोंडून ये.
केकाटेल. केकाटू दे.

तुझ्या ओव्हिलाकाकाच्या वेळी जाळी नव्हती.
टोपीच्या कडेखाली, मानेवर.
तो चालत घरी आला, "काही नाही गं" म्हणाला,
सूप मागितलं,
आणि चमचा हातात धरून बसून राहिला,
चमच्याचं काय करतात ते न आठवून.
आता बरा आहे. बोलतो, गवत कापतो,
थकला की मला सोलांज म्हणतो.
सोलांज त्याची बहीण. मी ओ देते.

पण मला भीती त्या उडणाऱ्या दगडाची नाही,
अडकणाऱ्याची आहे.
ठक्क आवाज होतो, शिअर पिन तुटते.
तिला शिव्या नको घालू, ती तुटण्यासाठीच केलेली असते.
तिच्या जागी जाडजूड बोल्ट ठोकलास
तर पुढच्या वेळी दुसरं काहीतरी तुटेल.
आधी मागचा फिरता दांडा बंद.
मग इंजिन. मग चावी काढ,
आणि खिशात घाल. कुलपात लटकत ठेवायची नाही.
पाती पूर्ण थांबेपर्यंत उभा राहा.
दाताळं तोवर तुझ्या हातात, आत नव्हे.

एवढं सगळं येतं मला.
तरी मागच्या वर्षी, त्या पोच्याच्या दिवशी,
उजेड सरत होता, दोन खेपा उरल्या होत्या,
आणि मी इंजिन चालू ठेवून उतरले.
पिन तुटली नव्हती, क्लच घसरत कण्हत होता.
दोन पात्यांत एक गोटा,
हात घालून ओढला.
निघाला.

जिवावर बेतलेलं हातमोज्यावर निभावलं.
डावा मोजा. पाचही बोटं पसरून
तो शेणाबरोबर उडाला, मी बघितला उडताना,
आणि मग मी पायरीवर बसले
अंधार होईपर्यंत, बोटं मोजत,
पुन्हा मोजत.

काकाला सांगितलं, धुण्यात हरवला.
एकच मोजा कसा हरवतो, त्यानं विचारलं नाही.
जोडीतला उजवा खुंटीवर आहे, त्याला हात लावू नकोस.

डावा असेल इथेच कुठेतरी, नांगरला गेलेला.
सापडला तुला, तर त्याला दाखवू नको.
चल, उचल दाताळं.
नाही, ते ढेकूळ नव्हे.
नीट बघ.