सत्यप्रत

तहसीलच्या फाटकासमोर, चिंचेखाली,
माझं झेरॉक्सचं दुकान. सात बाय नऊ.
पानाला दोन रुपये, पाठपोट तीन.
काय छापतोय ते वाचायचं नाही,
हा धंद्याचा पहिला नियम मला बाबूमामांनी शिकवला,
ज्यांची नजर तेव्हा
वाचण्याजोगी उरलीच नव्हती.

विशाखा खिल्लारे आली ती एप्रिलात,
स्कुटीच्या डिकीत टँकरचं लॉगबुक,
माहितीच्या अधिकारात चार महिन्यांनी मिळालेलं.
"काका, गडद काढा. नंबर दिसला पाहिजे."
दिसला.
बोरीच्या तांड्यावर रोज चार खेपा
करणारा तो टँकर
आरटीओच्या दप्तरात मोपेड होता.
दहा हजार लिटरची मोपेड!
मी नियम मोडून हसलो.
ती हसली नाही. तांड्यावरची बाई
तिला म्हणाली होती,
"टँकर? त्यो कागदावर येतो."

सोमवारी 'टाचण'मध्ये बातमी, पान एक, आठशे अंक.
गुरुवारी गुन्हा.
सरकारी कामात अडथळा आणि खंडणी.
अडथळा म्हणजे, कचेरीत जाऊन प्रश्न विचारला.
खंडणी म्हणजे, उत्तर मागितलं.

त्या फिर्यादीची प्रतही माझ्याकडेच आली.
"पाच काढ," सोळंके हवालदार म्हणाले, "आन वाचू नको."
मशीनला काय.
ज्या उजेडातून पुरावा गेला
त्याच उजेडातून आरोप गेला,
दोन्हींना दोनच रुपये.

मग ते टेकून उभे राहिले.
मूळ कागद जप्त, मोबाईल जप्त, डायरी जप्त,
आता बोल, झेरॉक्स किती निघाल्या?
म्हणालो, चांगल्या निघाल्या त्या बाईंनी नेल्या.
तिरक्या, काळ्या पडल्या त्या रद्दीत.
रद्दी रज्जाकभाईंच्या भज्याच्या गाड्यावर.
म्हणजे साहेब, पंधरा दिवस
अख्खी कचेरी त्या लॉगबुकातच
मिरचीभजी खायलीय.
तुम्हीसुद्धा.

हे शेवटचं मी बोललो नाही.
आता लिहितोय.

"काहून पडायलास ह्याच्यात?" मेहुणा म्हणाला.
"उद्या तुझ्याच शटरला सील लावतील."
लावतील.
आणि ती काही माझी लाडकी नाही.
परसाली तिनंच अतिक्रमणाची बातमी लावली,
माझा ओटा नगरपालिकेनं तोडला.
दीड फूट.
महिनाभर मी तिला शिव्या घातल्या,
मग एका रात्री टेप घेऊन मोजलं.
दीड फूटच होता पुढं.

जामीनदाराला घरपट्टीची पावती लागते, आधार लागतं.
स्वतःच्या दुकानात स्वतःची प्रत काढली
तर फोटोत मीच काळा आलो, आरोपीसारखा.
कोर्टात पंखा फिरत होता, वारा नव्हता.
ती बाकावर बसून
हाताच्या तळव्यावर पेनानं काहीतरी लिहीत होती,
सवयीनं.

कारकुनानं विचारलं, "आरोपीशी नातं?"
बहीण नाही, भाची नाही,
ना भावकीतली, ना आमच्या गल्लीतली.
"वाचक," मी म्हणालो.
"असा रकाना नाही."
"मग करा."
त्यानं चष्म्यावरून पाहिलं, पेन झटकलं,
आणि लिहिलं: इतर.

प्रत खरी आहे हे सांगायला
राजपत्रित माणसाचा गोल शिक्का लागतो.
माझ्याकडं तो नाही.
माझ्याकडं टोनरनं काळी झालेली दहा बोटं आहेत,
आणि ती मी त्या दिवशी जामिनाच्या कागदावर
सहीशेजारी, कुणी न मागता, उमटवून आलो.

खटला चालू आहे. तारखा पडायल्यात.
मोबाईल अजून सीलबंद पाकिटात,
चार्ज केव्हाच संपला असेल.
परवा ती आली, शाळेची दोनशेपानी वही घेऊन,
पेन्सिलीनं लिहिलेली.
"तांड्यावर टँकर आला का?"
"आला एकदा. फोटोपुरता.
ह्या पानाच्या दोन काढा, काका."

वही हातात घेतली.
मागं गिऱ्हाईकं उभी होती, उन्हात, सातबारे घेऊन.
मी आधी ते पान
वरपासून खालपर्यंत वाचलं.
मग काचेवर ठेवलं.